पुढच्या कळीवरची बोटं

हेमंत गेल्याचा फोन त्याच्या भावाने केला, तेव्हा माझ्या तोंडून नुसतं "बरं" निघालं. पाच वर्षं आमचं बोलणं नव्हतं... मेल्यावर माणूस चांगलाच होतो म्हणतात. मला ते जमत नाही.

नव्या शतकाच्या सुरुवातीला आम्ही एका कंपनीत नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती कार्डं चालवणारे प्रोग्राम, लिहायचो. नेटवर्कवरून आलेल्या माहितीच्या प्रत्येक पॅकेटसोबत कार्ड मेमरीत एक चिठ्ठी ठेवतं, लांबी किती, धड आहे की नाही, अशी. ती वाचायला मागितली की हाती येईस्तोवर प्रोसेसर ताटकळायचा. आम्ही महिनाभर तिथेच अडलो होतो. एका रविवारी त्याच्या निर्मळ गावच्या घरी ओटीवर केळी खात बसलो होतो. त्याची आई, आमच्या काकी, देवळासाठी मोगऱ्याचा हार ओवत होत्या. सुई एका कळीत, पण डाव्या हाताची बोटं केव्हाच पुढच्या कळीवर. मी म्हणालो, "हेमू, ह्या पॅकेटचं काम चालू असतानाच पुढची चिठ्ठी मागवून ठेवली तर?" तो अर्धं केळं तसंच टाकून उठला. कोड त्याने लिहिला, आणि सुरेख लिहिला, हे मान्य करतो. माझ्या आचोळ्याच्या फ्लॅटवर दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडून आम्ही तो पंधरा दिवस तपासला. वेग खरंच वाढला.

मग त्याने तो बदल कर्नलवाल्यांच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सांभाळणाऱ्यांच्या, मेलिंग लिस्टवर पाठवला. ज्याचा ज्याचा हात लागला, त्याचं नाव खाली वेगळ्या ओळीत द्यायचं, ही तिथली रीत. खाली एकच ओळ होती, त्याची. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "तू सुचवलंस? मला नाही रे आठवत." त्या वाक्याने मी इतका हललो, की पुढे माझ्याच आठवणीवर शंका घेऊ लागलो. खरंच विसरला असेल, अशी समजूतही घातली मनाची. बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच.

तो गेल्यावर महिन्याभराने निर्मळला गेलो. काकी ओटीवर हार ओवत होत्या. मला बघून थोडं रडल्या, मग म्हणाल्या, "आल्यागेल्याला सांगायचा तो. 'आईचे हात बघून माझ्या मित्राला सुचलं ते,' म्हणायचा. तुझंच नाव घ्यायचा."

घरात घ्यायचा. ओटीवर घ्यायचा... एक ओळ लिहायला मात्र त्याचा हात धजला नाही. त्या माउलीला काय बोलणार? काकींनी सुई कळीत घातली, बोटं पुढच्या कळीवर गेली. मी त्या बोटांकडे बघत राहिलो. त्याला सगळं आठवत होतं.