बाराव्या फेरीचा प्रवासी

नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

सकाळी अकराच्या सुमारास बीडमधला एक कापड दुकानदार आमच्या पोलीस ठाण्यात आला. सत्तरीचे वडील घरातून गेलेले, मोबाइल वाजतो पण कुणी उचलत नाही. "जमिनीपायी माझ्या भावानंच पळवलंय त्यांना, साहेब!"

स्टेशन डायरीला नोंद घेऊन लोकेशन मागवलं. मोबाइल बसस्टँड ते नेकनूर रस्ता असा सारखा ये-जा करत होता. भावाला बोलावून दोन तास विचारपूस केली. तो बिचारा रडायला लागला.

दुपारी नाकाबंदीवरच्या हवालदाराला एका पंक्चरवाल्यानं खबर दिली, "तीच रिक्षा पाचव्यांदा गेली बघा. मागं एकच म्हातारा, भजे खात बसलाय."

पुढच्या फेरीला रिक्षा अडवली. मागं दुकानदाराचे वडीलच निघाले. काका मजेत होते. चालकाला मात्र घाम फुटला.

ठाण्यात त्याला दरडावून विचारलं. "साहेब, आमची ॲपवर रिक्षा हाय. दिवसात बारा फेऱ्या केल्या तरच बोनस. निम्म्या झाल्या की ॲप गिऱ्हाईक देणंच बंद करतं, मोबाइल गपगार! कंपनीनं भाडंबी पाडलंय, बोनसशिवाय गॅसचा खर्च निघत न्हाई. मग काकांच्या मोबाइलवरून मीच बुकिंग करतो, त्यांचं भाडं त्यांना परत देतो."

"आणि घरचे फोन का उचलले नाहीत?"

उत्तर काकांनी दिलं. "मीच नको म्हणलं. घरी दुकानाबिगर बोलणं न्हाई. ह्यो माझं ऐकतो तरी."

अपहरण नव्हतंच. पण दुकानदार गुन्हा दाखल करा म्हणून अडून बसला. जबाबाची खातरजमा करायला मी ॲपच्या कंपनीला मेल टाकला. त्यांचं ना इथं ऑफिस, ना बोलायला माणूस. फोन लावला की एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात माझी तक्रार महत्त्वाची असल्याचं सांगायची.

चौथ्या दिवशी चालक दारात उभा. कंपनीनं त्याचा आयडी कायमचा बंद केला होता. माझ्या मेलला उत्तर नव्हतं, पण मेल वाचला गेला होता.

"तुमी दोन फटके मारले असते तरी चाललं असतं, साहेब," तो म्हणाला. "रिक्षाचा हप्ता आता कशानं भरू?"

त्याच्यासाठी मी तीन मेल केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

छत्तीस वर्षांत मी अनेकांना आत टाकलं, पण प्रत्येकाला वकील होता, कोर्ट होतं, तारीख होती. ह्याला काहीच मिळालं नाही, आणि त्याच्याविरुद्धची फिर्याद माझ्याच सहीच्या मेलनं गेली होती.