दुसऱ्या-चौथ्या रविवारचा बाप

नोकरीतल्या बऱ्याच केसेसचे तपशील आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. ही एक मात्र जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात मी स्वतः चुकलो होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. विदर्भातून बदली होऊन मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून नुकताच हजर झालो होतो.

इंदिरानगरला राहणारा एक माणूस अंबडच्या कारखान्यात टर्नर होता. नवरा-बायकोचा घटस्फोटाचा दावा चालू होता. सहा वर्षांची मुलगी आईबरोबर, शहरालगतच्या मळ्यात मामाच्या घरी राहत होती. मामाची गुलाब-झेंडूची शेती. कोर्टाचा हुकूम असा, की दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दहा ते पाच मुलगी बापाकडे राहील. पहिल्याच वेळी मळ्यात शिवीगाळ झाल्यामुळे मुलीचा ताबा देणं-घेणं आमच्या ठाण्यात व्हायचं आणि डायरीला तशी नोंद पडायची.

मी टेबलावरून बघायचो. मामाचा हात सोडून ती पोरगी थेट बापाकडे जायची आणि पंधरा दिवसांचं सगळं फाटकापर्यंत पोहोचायच्या आत त्याला सांगून टाकायची. सांगायला लाज वाटते, पण मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. माझी मुलगी तेवढीच. मी निघायचो तेव्हा झोपलेली, परतायचो तेव्हाही झोपलेली. जागी सापडलीच तर आईच्या मागे लपायची. ह्याला महिन्यातून दोन दिवस मिळतात आणि पोरगी ह्याची, मला रोजचं घर असून मी पाहुणा, हे मला सहन होत नव्हतं.

एका सोमवारी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कोणीतरी म्हणालं, काल भरदुपारी बाप जीप घेऊन मळ्यावर आला होता, पोरीला ओढून नेत होता. तासाभरात मामा मुलीला आणि लेखी तक्रार घेऊन हजर. मुलीच्या दंडावर काळंनिळं दिसत होतं. गुरुवारी तारीख होती. मुलीच्या भेटी बंद करा असा अर्ज आईच्या वकिलांनी आधीच दिला होता. त्याला माझा अहवाल जोडला गेला असता, तर त्या बापाचे रविवार संपले असते.

मी त्याला बोलावून घेतलं. बस म्हटलं नाही.

"काल दुपारी कुठं होतास?"

"कंपनीत, साहेब. फर्स्ट शिफ्ट होती."

"रविवारी? मला शिकवतोस?"

तो म्हणाला, "गेटवर विचारून घ्या साहेब."

मला तो उद्धटपणा वाटला. त्याला बाकावर बसवून मी अहवाल लिहायला घेतला. इतक्या उत्साहाने मी दरोड्याचा अहवालही कधी लिहिला नव्हता. मुलीला काही विचारावं, हेसुद्धा मला सुचलं नाही.

आमचे जुने हवालदार नाशिकचेच. कागद वाचून ते म्हणाले, "साहेब, इथं कंपन्यांची सुट्टी शनिवारी राहते. रविवारी सगळं अंबड चालू."

"मग हा दुसऱ्या-चौथ्या रविवारी मोकळा कसा असतो?"

"तेच बघून येतो ना."

दुपारी ते गेट रजिस्टरचा उतारा घेऊन आले. काल, म्हणजे तिसऱ्या रविवारी, सात ते साडेतीन, हजर. आणखी एक गोष्ट त्यात निघाली. भेटीच्या आठवड्यात हा माणूस आपल्या सुट्टीच्या शनिवारी काम करायचा आणि त्या बदल्यात रविवार मागून घ्यायचा. याबद्दल तो कोणालाच काही बोलला नव्हता. मामाने त्याला नेहमी रविवारीच मोकळा बघितलेला, म्हणून रविवार ही त्याची सुट्टी असं तो धरून चालला. फुलं रोज पहाटे तोडावी लागतात. त्यामुळे लोकांची सुट्टी कोणत्या वारी असते, हा विचार त्याच्या डोक्यात कधी आलाच नसावा.

मी मामाला पुन्हा बोलावलं, चहा मागवला आणि उतारा त्याच्यासमोर ठेवला. त्याने चहाला हात लावला नाही.

"दंडाला कसं लागलं तिच्या?"

"सायकलवरनं पडली. मीच आणत होतो शाळेतनं."

"आणि फोन?"

"मीच केला." मग न विचारताच तो बोलायला लागला. "मला पोर नाय, साहेब. दोन वर्षं झाली, तिची वेणी मी घालतो. ताप आला का रातभर मी बसतो. आन् हा पंधरा दिवसांनी तोंड दाखवतो, तर ती मंगळवारपासून दिवस मोजती. लय जळतं, साहेब."

मुलीच्या आईलाही मी ठाण्यात बोलावून घेतलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. भावाने सांगितलं ते तिने खरं मानलं होतं. ती माझ्यासमोरच भावाला म्हणाली, "माझं त्यांच्याशी नाय पटलं, दादा. पोरीचं पटतं. ते मी मोडणार नाय."

खोट्या तक्रारीबद्दल मामावर कारवाई करता आली असती. मी बापाला विचारलं. तो म्हणाला, "नको साहेब. पोरीला मामाची सवय आहे." सकाळपासून बाकावर बसवून ठेवलेल्या त्या माणसाला मी खुर्ची दिली, पण माफी मागायचं धाडस मला झालं नाही. आधीचा अहवाल फाडला आणि तक्रार खोटी असल्याचा नवा लिहिला. कोर्टाने भेटी चालू ठेवल्या.

तक्रारदार खोटं का बोलतो, हे शोधायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते खोटं मला इतकं गोड का लागलं, हे शोधायला मला ह्या केसने शिकवलं. मामाने जे जळून केलं, ते मी सरकारी कागदावर करणार होतो. पुढे नवरा-बायकोच्या भांडणाची तक्रार आली, की पेन उचलण्याआधी मी स्वतःची झडती घ्यायचो.

चौथ्या रविवारी मामाच मुलीला घेऊन आला. तिने त्याचा हात सोडला आणि बापाबरोबर बोलत बोलत फाटकाबाहेर गेली. मामा माझ्या टेबलाशी तसाच उभा राहिला.

"एकदा तरी मागं बघायला पाहिजे होतं ना तिनं, साहेब."

मी नोंद लिहिली. माझी मुलगी त्या वेळी घरी होती, आणि मी तो रविवारही ठाण्यातच काढला.