कुंडीकडे कोण बघतं?

माझ्या लेकीच्या खोलीतली दुसरी गादी गुंडाळून, दोरी बांधून, भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. गेले कित्येक रविवार ती तशीच दिसते. व्हिडिओ कॉलवर लेक बोलत असते, मी हो-हो करत असते, आणि माझी नजर तिच्या खांद्यामागच्या त्या वळकटीवर. ती गादी तिच्यासोबत राहणाऱ्या नर्स मैत्रिणीची. "ती कुठेय गं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "ड्यूटीवर." नर्सला रविवारीही ड्यूटी असते, मान्य. पण ड्यूटीवर जाताना कुणी गादीला दोरी बांधून जात नाही.

लेकीला घरात आम्ही 'वकील' म्हणतो. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. लहानपणी पत्ते खेळताना कोण हरलं, कोण जिंकलं याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. डाव सरळ झाला की नाही, एवढंच. बाबा मुद्दाम तिला जिंकू द्यायचे, तर ही पत्ते टाकून उठायची. "तुम्ही राणी लपवलीत. मी जिंकलेच नाही." जिंकल्यावर भोकाड पसरणारी पोर मी तेवढी एकच पाहिली.

आता ती अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी धाटणीच्या कार्टून मालिकांसाठी चित्रं काढते. माणसं नाही काढत. माणसांच्या मागचं काढते. जिने, खिडक्या, कपाटं, ओल आलेल्या भिंती. माणसं दुसरंच कुणीतरी काढतं आणि हिच्या खोल्यांत आणून उभी करतं. "मी रिकामी घरं बांधते, आई," असं ती एकदा हसत म्हणाली होती. ते हसू मला आवडलं नव्हतं, पण नव्या नोकरीच्या कौतुकात ते मागे पडलं.

मग तिला मनासारखी मालिका मिळाली. रहस्यकथा, आणि पोटात तत्त्वज्ञान. एका इमारतीत एक बिऱ्हाड बंद आहे. तिथला माणूस नाहीसा झालाय, आणि शेजारी सांगतात की तिथे कधी कुणी राहतच नव्हतं. शोध घेते लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई. माणूस गेला कुठे, हे कोडं. आणि त्यामागचा प्रश्न असा, की ज्याची कुणालाच आठवण नाही तो होता, असं म्हणायचं तरी का?

बी.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं. त्याचा उपयोग आजवर फक्त नवऱ्याशी भांडताना झाला. म्हणून ती सुट्टीत घरी आली तेव्हा मी हौसेने विचारलं, "शेवटी सगळं स्वप्न निघतं की काय?"

"आई! ती शुद्ध फसवणूक झाली."

"मग सरळ डाव कशाला म्हणायचं?"

"लिफ्टवाल्या बाईला जे जे दिसलं, ते बघणाऱ्यालाही आधी दिसलेलं हवं. शेवटच्या भागात खिशातून नवा पुरावा काढायचा नाही. बघणाऱ्याने कपाळावर हात मारायला हवा, की अरेच्चा, हे तर माझ्या नाकासमोर होतं!"

"आणि तुमचं ते तत्त्वज्ञान?"

"प्रश्न सुटला नाही तरी चालतो. कोडं मात्र सुटलंच पाहिजे. काही जण काय करतात, कोडं अर्धवट सोडतात आणि वर म्हणतात, विषय खोल आहे, तुम्हाला झेपला नाही. माझं डोकंच फिरतं."

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तुझ्या आईसारखंच. प्रश्न मोठ्ठा, उत्तर नाहीच."

"आणि तुमचं उत्तर तयार, प्रश्न ऐकलेलाच नसतो," मी म्हटलं. वकील खो-खो हसली. तसं हसणं मग फार ऐकलं नाही.

त्या मालिकेचा सगळा भार एका कुंडीवर होता. बंद दाराशी ती ठेवलेली. लिफ्टवाली बाई भागामागून भाग तिच्या शेजारून ये-जा करते. घर केव्हापासून बंद, तरी रोप हिरवंगार. म्हणजे कुणीतरी पाणी घालतंय, म्हणजे कुणीतरी त्या माणसाला ओळखत होतं. पण गोष्ट या चित्रकारांच्या हाती तुकड्या-तुकड्यांनी यायची. पुढच्या भागांचा जिना ज्याच्या वाट्याला आला, त्याने विचार केला, बंद घराचं रोप वाळायला हवं. त्याने मन लावून आधी पानं पिवळी केली, मग नुसती काडी ठेवली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. वकिलाने ते पाहिलं आणि थेट साहेबांकडे गेली. तो संवाद तिने मला दोघांचे आवाज काढून ऐकवला होता.

"साहेब, कुंडी वाळली तर शेवट खोटा पडतो."

"कुंडीकडे कोण बघतं गं? लोक बाईच्या डोळ्यांकडे बघतात."

"न का बघेनात. पण कुणी बघायचं म्हटलं तर ती तिथे हवी."

"वाळकीच छान दिसते. कशी एकाकी वाटते बघ."

"एकाकी नाहीये ती, साहेब! तिला कुणीतरी पाणी घालतंय."

साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, काढ बाई तूच. तिने सुट्ट्या खर्चून एकेक पान पुन्हा हिरवं केलं. त्या दिवसांत फोन केला की मागून नर्स मैत्रीण ताट घेऊन यायची आणि मला ऐकू जाईल असं म्हणायची, "काकू, हिला सांगा, माझे पेशंटसुद्धा इतक्या लवकर हिरवे होत नाहीत!"

मालिका आली, मी सगळी पाहिली. शेवटी लिफ्टवाली बाई जिन्यात बसून राहते, आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी तांब्या घेऊन खाली उतरते. तो माणूस दुसऱ्या गावच्या दवाखान्यात एकटाच वारला होता, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं. रोप जगवलं की तो अजून यायचाय असं तिला वाटे. बाकी शेजारी खोटं बोललेच नव्हते. त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. कुंडीचं आधीच ठाऊक असूनही मी कपाळावर हात मारला. कुंडी सबंध वेळ माझ्यासमोर होती. पण त्या शेजाऱ्यांचा विचार मनातून जाईना.

कारण वकील आता घरूनच काम करते. तिच्या जिन्यातल्या कुणी तिला पाहिलं असेल का?

तेव्हापासून मीही मागचं बघायला लागले. दारामागच्या खुंटीवर नर्सचा पांढरा कोट असायचा. तिथे आता वकिलाची पिशवी आहे. फळीवर कप एकच. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "गादीला ऊन दाखवायचं असेल."

"इतके दिवस?"

"मग ढेकूण झाले असतील. झोप आता, गुप्तहेर."

झोप कसली येतेय. अंथरुणात पडल्या पडल्या मला एक जुना फोन आठवला आणि मी उठून हे लिहायला बसले. तेव्हा दोघी तिथे राहत होत्या, आणि वकील म्हणाली होती, "आई, खोलीत पसारा आहे, म्हणून मागचं पुसट केलंय." तिच्या चेहऱ्यामागे नुसतं धुकं होतं. म्हणजे तिला ते करता येतं. एक बटण दाबायचं असतं. खुर्ची जरा वळवली असती तरी कोरी भिंत दिसली असती. मागे काय दिसतं यावरच जिचं पोट चालतं, ती पोर दर रविवारी त्या गादीसमोरच येऊन बसते. तोंडाने "ड्यूटीवर" म्हणते, आणि दोरीची गाठसुद्धा मला दिसेल असं बसते.

तिला कदाचित याचं भानही नसेल. पण जिला जिंकल्यावरही लपवलेली राणी सहन होत नव्हती, ती माझ्यापासून काही लपवायला बसली असेल, हे मला पटत नाही.

मैत्रीण का गेली, भांडण झालं की बदली, मला माहीत नाही. बाबा म्हणतील, सकाळी कर फोन. सकाळी मी "जेवलीस का?"ने सुरुवात करीन, ती "हो"ने संपवेल, आणि आम्ही दोघी पुढच्या रविवारची वाट बघू. ती या वेळी जागीच असते. आत्ताच लावते. व्हिडिओ नको, नुसता फोन. मागचं सगळं मी पाहिलंय.