साखर न घातलेला रस

दुकानात तिला सगळे चाखाताई म्हणायचे. मोठं दुकान, गुळगुळीत फरशी, अंगाला झोंबणारी थंड हवा, आणि दारातून आत शिरलं की समोरच तिचं टेबल. टेबलावर कागदी पेले, पेल्यांत घोट-घोटभर फळांचा रस, आणि तिच्या हातात रसाचं खोकं. "चाखून बघा, काका. चाखून बघा, ताई. साखर घातलेली नाही." सकाळी दुकान उघडल्यापासून हेच. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा आणि पायांचे तुकडे पडायचे. एकदा तिने खुर्ची मागितली, तर साहेब म्हणाले, बसलेल्या बाईकडून कोण काय घेणार? घ्या! म्हणजे उभ्या बाईने दिला की रस जास्त गोड लागतो म्हणायचा.

कंपनीने शिकवताना एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. खोक्याचं तोंड कायम गिऱ्हाइकाकडे हवं. त्यावरचं हिरवं पान, लाल हृदय आणि 'साखर घातलेली नाही' ही ठळक अक्षरं समोरच्याला दिसली पाहिजेत. त्यामुळे खोक्याची पाठ दिवसभर चाखाताईकडे असायची. त्या पाठीवर बारीक-बारीक काहीबाही छापलेलं होतं, पण ते वाचतंय कोण? चष्मा पिशवीत आणि पिशवी मागच्या कपाटात. आणि खरं सांगायचं तर तिला कधी वाचावंसं वाटलंही नाही. पुढे जे आहे तेच मागे असणार, दुसरं काय! लोकही तसेच. पान बघायचे, हृदय बघायचे, "बरंय हो, तब्येतीला चांगलं" म्हणायचे आणि टोपलीत टाकून पुढे जायचे.

घरी तिचा नवरा एकटा बसलेला असायचा. जन्मभर त्याने घड्याळं दुरुस्त केली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, घड्याळाचं चाक सोडा, चहाचा कपही त्याला चाचपडून उचलावा लागे. ऑपरेशन झालं की सगळं सुरळीत होणार होतं. पण त्याला मधुमेह, आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हटून बसलेल्या. "आधी रक्तातली साखर खाली आणा, मग डोळ्याला हात लावते."

चाखाताईने कंबर कसली. घरातून गोड म्हणून जे काही होतं ते हद्दपार केलं. चहा बिनसाखरेचा, ब्रेडवर जॅम नाही, बिस्किटाचं नाव काढायचं नाही. बिचारा निमूटपणे खायचा. तिला त्याची कीव यायची. म्हणून सकाळ-संध्याकाळ पेलाभर रस ती त्याला स्वतःच्या हाताने द्यायची. दुकानातल्या लोकांना तो स्वस्तात मिळायचा. तेवढंच जिभेला सुख, आणि अपाय काही नाही.

तरी साखर उतरेना. मागच्या खेपेला तर आणखी चढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला. "हे घरी चोरून खातायत. लक्ष ठेवा तुम्ही."

रस्ताभर चाखाताई धुमसत होती. घरात पाऊल टाकताच तिचा बांध फुटला.

"अहो, मी दिवसभर पाय मोडून घेते ते कुणासाठी? कुठे लपवलंय ते सांगा."

"अगं, शपथ घेतो, मी काही खाल्लेलं नाही."

"शपथा नकोत मला!"

तिने त्याच्या शर्टांचे खिसे उलटे केले. चिमटे-चाकांचे खण उपसले. तो भिंतीला धरून उभा राहिला. सापडलं काहीच नाही, तरी तिने स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप लावलं, आणि शेजारणीला त्याच्या देखत म्हणाली, "आमच्याकडे म्हातारपणी चोर निघालाय." त्या दिवसापासून तो बोलेनासाच झाला. विचारलं की हूं, नाही तर तेही नाही.

पुढच्याच आठवड्यात एक बाई टेबलाशी थांबली. तिच्या लहान मुलीला मधुमेह होता, रोज सुया टोचाव्या लागत. "मागे साखर किती लिहिलीय?" तिने विचारलं.

चाखाताई हसली. "अहो ताई, साखर घातलेलीच नाही. हे काय, पुढे लिहिलंय."

"वरून घातली नसेल हो. पण फळांची असतेच ना? आटवलेला रस म्हणजे साखरच की." बाईने खोकं हातात घेऊन फिरवलं आणि वाचलं. "एका पेल्यात पाच-सहा चमचे. नको बाई." खोकं परत ठेवून ती निघूनही गेली.

चाखाताई तशीच उभी राहिली. कुणीतरी रिकामा पेला पुढे केला, तो तिला दिसला नाही. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. आणि त्याने चोरून खाऊ नये म्हणून, गेले काही दिवस तिने तो पेला मोठा केला होता.

घरी आली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत, आपल्या पलंगावर बसला होता. तिने चपलाही काढल्या नाहीत. "अहो, तो रस होता. मीच तुम्हाला साखर पाजत होते. तुम्ही काही खात नव्हतात."

त्याने मान तिच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "नक्की ना? मी नव्हतो?"

"नव्हतात हो. मी मेली आंधळी."

"मला वाटलं, मीच खात असेन." त्याने शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. "तू एवढं ठामपणे म्हणालीस, डॉक्टरही म्हणाल्या. म्हटलं, झोपेत उठून खात असेन आणि सकाळी विसरत असेन. डोळे गेले, आता डोकंही चाललं. तुला कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून झोपताना हात पलंगाला बांधून घ्यायला लागलो."

चाखाताईने त्याची बाही वर सारली. मनगटावर दोरीचे वळ होते, काही जुने, काही आजचे.