धंदा थांबला नाही

आठवीत शाळा सुटली आणि मी किनवटकडून उल्हासनगरला आलो. जीन्सच्या होलसेल दुकानात शेठनी ठेवून घेतलं, झोपायला पोटमाळा दिला. ते उपकार मी विसरणार नाही. काउंटरवर ऑर्डर झाली की मागच्या गल्लीतल्या गोदामात जाऊन माल काढायला सांगायचं, एवढंच माझं काम. जुनं सॉफ्टवेअर अडकलं की बिल, स्टॉक, कुरिअर सगळंच ठप्प व्हायचं. मग शेठ ओरडायचे, "भाग बेटा, भाग!" आणि त्या दिवशीचा माल माझ्या पायांवर निघायचा.

यंदा बदलापूरच्या एका इंजिनिअरने नवी सिस्टीम बसवली. तिच्यात प्रत्येक काम वेगळं ठेवलंय आणि ती कामं एकमेकांना आपापला निरोप देतात. "एक बंद पडलं तरी बाकीची चालू राहणार, शेठ," तो म्हणाला. मला ते पटलं, म्हणूनच धडकी भरली.

गेल्या आठवड्यात ऐन गर्दीत बिलिंग बंद पडलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चपला घालून मी दारात उभा राहिलो. पण ऑर्डरी परस्पर गोदामात पोचत होत्या आणि टेम्पो भरत होता. थोड्या वेळाने बिलिंगही सुरू झालं.

"देखा? धंदा रुका क्या?" शेठ खुशीत म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू क्यों खड़ा है? बैठ ना बेटा."

मी बसलो. ते मला जा म्हणणार नाहीत, इतके ते चांगले आहेत. पण बस म्हणण्यापलीकडे माझ्यासाठी त्यांच्याकडे आता काही कामही उरलेलं नाही.