गियरचं तेल दुधाळ निघालं

मंडळी, आज सकाळी करंजा बंदरात आमच्या छोट्या बोटीचं गियर ऑइल मीच बदललं. खालचा स्क्रू काढला तर तेल दुधाळ आलं. म्हणजे सील गेलंय, गियरमध्ये पाणी शिरतंय; भर समुद्रात गियर जाम होऊ शकतो.

मोठ्या भावाला म्हटलं, "दादा, आज बोट नको काढू."

तो हसला. "मागच्या टायमालाबी असंच निघालेलं. काय नाय होत. नवीन भर."

मागच्या वेळचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. तरी मी गुमान तेल भरलं, स्क्रू आवळले. तो एकटाच बोट घेऊन समुद्रात गेला.

दुपारपासून वारा वाढलाय. बाकीच्या बोटी परत आल्या. दादाचा फोन लागत नाही.

आता वहिनी विचारतेय, "भावजी, तेल तुमीच बदललं ना? मंग बोट चांगली हाय ना?"

तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?