नांदूरघाट ऐकायला बसली

माझ्या रूममेटनं ज्याला कधी ना कधी सल्ला दिलेला नाही, असा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. सापडलाच, तर तो तान्हा तरी असेल किंवा एसटीत तिच्या शेजारी बसायची वेळ त्याच्यावर आलेली नसेल. अंबाजोगाईच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. तिथं कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, जो तो गावानं ओळखला जायचा. मी तलवाडा, ती नांदूरघाट. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की वर्गात हजेरी घेताना माझं खरं नाव पुकारलं गेलं की ते क्षणभर दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायचं.

नांदूरघाटचं बोलणं सकाळी तिचे डोळे उघडायच्या आधी सुरू व्हायचं. तोंडात टूथपेस्टचा फेस असतानाही ते थांबायचं नाही, आणि विशेष म्हणजे त्यातला शब्द न् शब्द कळायचा. कुणाच्या केसात कोंडा झाला, कुणाचा बाप मोबाईल घेऊन देईना, कुणाचं केमिस्ट्रीच्या सरांशी वाजलं, या सगळ्यांवर तिच्याकडे उपाय तयार असे आणि तो विचारायची कुणाला गरज पडत नसे. केजच्या स्टँडवर गाडी थांबली असताना कंडक्टर पायऱ्यांवरून जरा लंगडत उतरला, एवढ्यावर तिनं त्याला निर्गुडीचा पाला कसा तव्यावर शेकायचा, कसा बांधायचा आणि वरून कोणतं फडकं गुंडाळायचं, हे खिडकीतून सांगितलं. मी मान खाली घालून बसले होते. पुढच्या वेळी आम्ही त्याच गाडीत चढलो, तर कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी पँट वर करून तिला गुडघा दाखवला.

तिच्या पोटात मात्र काही राहायचं नाही, ही तिची ख्याती होती. माझं लग्न ठरल्याची बातमी मला तिच्याकडून कळली. ती खोटी निघाली, पण तोवर मेसमध्ये माझं अभिनंदन करून झालं होतं आणि कुणीतरी माझ्या नावानं पेढेसुद्धा मागितले होते. मी चिडले तर म्हणाली, "अगं, चांगली बातमी होती म्हणून सांगितली. वाईट आसती तर कशाला सांगितली आसती?" खरं तर वाईटही सांगायची. आपलं गुपित जपायचं असेल तर नांदूरघाट आंघोळीला गेली असतानाच बोलावं, असा आमच्या मजल्यावरचा अलिखित नियम होता.

त्यामुळे आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना मानसशास्त्राच्या मॅडमनी कॉलेजात 'मित्र गट' सुरू केला आणि त्यात तिला घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की मॅडमची काहीतरी गफलत झाली. हा गट म्हणजे विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना आधार द्यायचा. अभ्यासाचं ओझं, घरची कटकट, मनावर आलेलं मळभ, काहीही असलं तरी पोरं आधी आपल्या बरोबरीच्यांशीच बोलतात, म्हणून त्यांच्यातल्याच काहींना ऐकायचं कसं हे शिकवायचं आणि गरज पडली तर त्यांनी अडचणीतल्याला पुढं योग्य माणसापर्यंत न्यायचं. मी मॅडमना हळूच विचारलं, की तुम्ही हिलाच का निवडलं. मॅडम म्हणाल्या, "हिच्यापाशी यायला कुणी घाबरत नाही. बाकीचं शिकवता येतं." आणि नांदूरघाटनं परस्पर माझंही नाव देऊन टाकलेलं असल्यामुळे मीही त्या गटात होते.

पहिल्याच दिवशी मॅडमनी नियम सांगितला, की समोरच्याला सल्ला द्यायचा नाही. नांदूरघाटनं विचारलं, मग तिथं बसून करायचं काय? मॅडम म्हणाल्या, ऐकायचं. ऐकून झाल्यावर? परत ऐकायचं. तिचा चेहरा असा झाला, जसं काही मेस कायमची बंद झाल्याचं तिला कळलं होतं.

पण एकदा मनावर घेतलं की ती कशातही अर्धवट राहणारी नव्हती. गप्प राहता यावं म्हणून ती तोंडात खडीसाखरेचा खडा धरू लागली. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असा तिनं स्वतःशी करार केला होता. सुरुवातीला ती तो कडाकडा चावून संपवायची आणि लगेच सुरू व्हायची. मग तिला मॅडमनी शिकवलेलं एक वाक्य सापडलं. समोरच्यानं सांगितलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, म्हणजे त्याला आपण ऐकतोय हे समजतं. 'म्हणजे तुला असं वाटतंय की' अशी त्याची सुरुवात होती. नांदूरघाटनं ते वाक्य दिसेल त्याच्यावर वापरायला घेतलं. मेसच्या मावशी ताट वाढताना म्हणाल्या, की आज वरण संपलं. नांदूरघाट त्यांच्याकडे अतिशय मायेनं बघून म्हणाली, "म्हणजे मावशी, तुमाला असं वाटतंय की वरण संपलं."

"वाटत न्हाई बाई," मावशी म्हणाल्या, "संपलंच हाय."

आम्ही हसून हसून बेजार झालो. पण पुढच्याच आठवड्यात त्याच मावशी तिच्यापाशी बसून आपली लेक नांदायला का जाईना हे सांगत होत्या आणि ती गाल फुगवून, खडा एका बाजूला सारून ऐकत होती. तव्यावरच्या भाकरी करपल्या. त्या आम्ही मुकाट्यानं खाल्ल्या.

त्याच वर्षी आमच्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत धर्मापुरीची एक मुलगी राहायला आली होती. अबोल, उंच, लांब वेणीची. डॉक्टर व्हायचं म्हणून तिनं प्रवेशपरीक्षा पुन्हा पुन्हा दिली होती आणि गुण थोडक्यात कमी पडत गेले होते. शेवटी बीएस्सीला आली, ती आल्यासारखी नव्हतीच. दिवाळीनंतर तिनं वर्गात जाणं सोडलं. मग मेसला येणं सोडलं. वेणी सुटली ती तशीच राहिली. खोलीतल्या मुली म्हणायच्या, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, विचारलं तर डोकं दुखतंय म्हणते. कुणी नाटक म्हणालं, कुणी आळस म्हणालं. रेक्टरबाईंनी दारात उभं राहून जरा उन्हात जात जा, असं सांगितलं.

नांदूरघाट एका दुपारी तिच्या खोलीत गेली आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसली. मी दारातून बघितलं. तिनं मावशींकडून मेथीची जुडी मागून आणली होती आणि ती निवडत होती. बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशीही. आमच्या मेसला त्या आठवड्यात मेथीशिवाय दुसरी भाजी झाली नाही. आम्ही कुरकुर केली, तर तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग एक दिवस धर्मापुरीचे वडील आले. पांढरा पायजमा-शर्ट, डोक्यावर टोपी, गावात दहा जणांची भांडणं मिटवणारा भारदस्त माणूस. ते मॅडमच्या खोलीत बराच वेळ होते, नांदूरघाटही आत होती. संध्याकाळी धर्मापुरी वडिलांबरोबर सामान घेऊन गेली. जाताना तिनं नांदूरघाटकडे बघितलंसुद्धा नाही. काय झालं, असं आम्ही सगळ्यांनी नांदूरघाटला विचारलं. "तिची तब्येत बरी न्हाई," ती म्हणाली, आणि लगेच आपल्या मावशीच्या जयवंती नावाच्या म्हशीचा विषय काढला. ती म्हैस फक्त रेडिओ लावला तरच दूध देते, असं तिचं म्हणणं होतं. आम्ही म्हशीवरून भांडत बसलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हिच्याकडे काही असतं तर हिनं सांगितलंच असतं, अशी माझी खात्री होती.

वर्ष बुडवून धर्मापुरी परत आली. पुन्हा वेणी घालू लागली, वर्गात दिसू लागली, हळूहळू हसूही लागली. पण नांदूरघाटशी बोलेना. समोरून आली तर जिन्यानं वळायची. आणि नांदूरघाट, जी रुसलेल्या माणसाला चार पायऱ्या खाली गाठून हसवायची, ती तिला वळू द्यायची. मी एकदा म्हणाले, काय बाई हिचा तोरा. त्यावर ती एवढंच म्हणाली, "बोलू नको मनावं. ती हाय ना."

त्याचा अर्थ मला पुढं कळला. आमचं शेवटचं वर्ष होतं. नवीन मुलांना मित्र गटाची ओळख करून द्यायला मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं होतं. कुणाला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा धर्मापुरी स्वतःहून उठली. माईक तिनं घेतला नाही. आपल्या जागेवरूनच, कुणाकडे न बघता ती बोलू लागली.

ती म्हणाली, की मला झोप लागत नव्हती आणि उठवतही नव्हतं. एक मुलगी येऊन माझ्याजवळ मेथी निवडत बसायची. ती काहीच विचारत नाही याचाच मला राग यायचा. मग एक दिवस मीच बोलले, की आता कशातच अर्थ वाटत नाही. तेव्हा तिनं हातातली काडी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "मरायचं मनात येतं का गं?" मला कुणी तसं विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. आणि लगेच तिला शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही.

धर्मापुरी पुढं म्हणाली, "ती म्हणाली, 'बाकी सगळं पोटात ठेवीन, हे ठेवणार न्हाई. मी मॅडमला सांगणार हाय, आन् ते तुला सांगूनच सांगणार हाय. तू रागव.' मी तिला लई बोलले. म्हणलं, तू आता सगळ्या हॉस्टेलला सांगशील. ती मला धरून मॅडम येईपर्यंत तिथंच बसली."

वडिलांचंही तिनं सांगितलं. ते मॅडमच्या खोलीत ऐकायलाच तयार नव्हते. पोरीला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं तर लोक काय म्हणतील, उद्या हिचं लग्न कसं जमंल, असं त्यांचं चाललं होतं. मॅडमनी समजावून बघितलं. मग कोपऱ्यात बसलेली नांदूरघाट म्हणाली, "काका, तुमाला भ्या वाटतंय." वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "लई." दुसऱ्या दिवशी ते लेकीला घेऊन सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. लवकर काही बरं वाटलं नाही, पण वाटलं.

"तिच्यावर माझा लई राग होता," धर्मापुरी शेवटी म्हणाली. "अजून थोडा हाय. पण राग धरायला मी हाय." आणि खाली बसली.

मी मागं वळून बघितलं. नांदूरघाट शेवटच्या रांगेत होती. ती रडत नव्हती, हसतही नव्हती, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. कार्यक्रम संपल्यावर धर्मापुरी तिच्याजवळून गेली आणि जाता जाता तिच्या खांद्याला हात लावून गेली. तेवढंच. पुढं त्या फार मैत्रिणी झाल्या, असंही नाही.

खोलीवर आल्यावर मी विचारलं, की वर्षभर माझ्या शेजारच्या पलंगावर झोपलीस, माझ्या ताटातलं लोणचं खाल्लंस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस? ती कपड्यांच्या घड्या करत होती. "कशाला सांगू?" ती म्हणाली. "ते तिचं होतं."

मग लगेच माझ्या घड्या चुकताहेत, असं सांगून तिनं माझे कपडे उलगडून पुन्हा घड्या घातल्या.

आता त्याला बरीच वर्षं झाली. मॅडम निवृत्त झाल्या, आणि मित्र गटाच्या खोलीत हल्ली खुर्च्या रचून ठेवतात, असं ऐकलं. नांदूरघाट लग्न होऊन लातूरला गेली, तिथं एका शाळेत शिकवते. आमचे फोन आधी रोज व्हायचे, मग सणावारी होऊ लागले. परवा दुपारी सहज तिचा आला. माझ्या पाठदुखीवर तिनं एरंडाचं पान सुचवलं, माझ्या नवऱ्याच्या नोकरीबद्दल चार गोष्टी सुनावल्या, मग शाळेतल्या कुणाकुणाच्या अडचणी सांगितल्या. ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी विचारलं, "आणि तू कशी आहेस?"

"बरी हाय," ती म्हणाली.

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तेवडी बरी न्हाई गं," ती म्हणाली. "माय जाऊन वरीस होत आलं."

मग ती बोलू लागली. हळू, अडखळत, मधूनच गप्प होत, जसं मी तिला इतक्या वर्षांत कधी बोलताना ऐकलं नव्हतं. उन्हं ओसरीवरून खाली उतरली. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि बसून राहिले.